वाचकांचे प्रश्न : बुन्युएल कुठून पाहायला घ्यावा?

गेल्या अंकात स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएल (1900–1983) याच्यावर लेख आला होता. स्वप्नं आणि विक्षिप्त प्रतिमा यांसाठी तो ओळखला जात असला, तरी भूक, धर्म आणि मोठ्या लोकांचा शिष्टाचार याकडे डोळे न झाकता पाहणं हे त्याचं खरं काम, असं त्या लेखात म्हटलं होतं. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. त्यांतल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या चित्रपट मंडळात पंचवीस-तीस जण नियमित येतात. बुन्युएल कोणीच पाहिलेला नाही. डोळा कापण्याच्या त्या प्रसिद्ध चित्रपटापासून सुरुवात करावी का? — मंडळाचे कार्यकर्ते, लातूर

नको. ‘अं शिएं आंदालू’ (1929) पहिल्याच संध्याकाळी दाखवलात, तर अर्धे लोक दचकतील, अर्धे ‘अर्थ काय?’ विचारत राहतील आणि पुढच्या वेळी दहाच जण येतील. सुरुवात ‘लोस ओल्विदादोस’नं (1950) करा. मेक्सिको शहराच्या झोपडपट्टीतली मुलं, त्यांची भूक, एकमेकांवरची दादागिरी, आईच्या मायेला मुकलेला पेद्रो. कथा सरळ आहे आणि कोणालाही कळते. मध्येच पेद्रोचं एक स्वप्न संथ गतीत येतं : आई कच्च्या मांसाचा तुकडा घेऊन त्याच्याकडे येते. बुन्युएलची सगळी ताकद त्या दोन-तीन मिनिटांत आहे. ते पाहिलेल्या माणसाला पुढचे चित्रपट अवघड जात नाहीत.

त्यानंतर ‘नासारिन’ (1959) आणि ‘विरिदियाना’ (1961). दोन्ही चित्रपट एकाच प्रश्नाचे आहेत : मनापासून धर्माप्रमाणे वागायला निघालेल्या माणसाचं या जगात काय होतं? हे दोन लागोपाठच्या महिन्यांत ठेवा. संतपरंपरेत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला ते फार जवळचे वाटतात, चर्चा थांबवावी लागते. चौथ्या संध्याकाळी ‘लास उर्देस’ (1933, अर्ध्या तासाहून कमी) आणि ‘सिमोन देल देसिएर्तो’ (1965, 45 मिनिटं) जोडून दाखवा. ‘अं शिएं आंदालू’ त्यानंतर. फ्रान्समध्ये केलेले रंगीत चित्रपट, म्हणजे ‘बेल द जूर’ (1967) किंवा बुर्ज्वांच्या, म्हणजे सुखवस्तू वर्गाच्या, जेवणावळींवरचा 1972 चा चित्रपट, अगदी शेवटी.

प्रोजेक्टरबाबत एक चूक सर्रास होते. त्याचे मेक्सिकोतले बहुतेक चित्रपट जवळपास चौकोनी, 1.37:1 या चौकटीत चित्रित झालेले आहेत. प्रोजेक्टर किंवा लॅपटॉप 16:9 वर ‘पडदाभर’ ताणलेला असला, तर माणसं बुटकी-रुंद दिसतात आणि छायाचित्रकार गाब्रिएल फिगेरोआची सगळी मेहनत वाया जाते. सेटिंगमध्ये मूळ गुणोत्तर ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. मूकपटाचा वेगही तपासा : ‘अं शिएं आंदालू’ सेकंदाला 24 चौकटींनी चालवला तर सुमारे 16 मिनिटांत संपतो, कमी वेगानं, साधारण 18 चौकटींनी, सुमारे 21 मिनिटं लागतात. दोन्ही प्रती फिरत असतात. पहिल्या प्रयोगाला बुन्युएल स्वतः पडद्यामागे ग्रामोफोनवर अर्जेंटिनाचे टँगो आणि जर्मन संगीतकार वॅग्नर आलटून पालटून वाजवत होता. 1960 मध्ये तेच संगीत चित्रपटाला कायमचं जोडलं गेलं, म्हणून दुसरं कुठलं संगीत लावलेली प्रत टाळा.

परवानगीचं विसरू नका. घरी पाहण्यासाठी घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीचं सदस्यत्व जाहीर प्रयोगाला चालत नाही. वितरकाकडून लेखी परवानगी घ्या, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत, किती प्रयोगांना आहे हे त्या पत्रातच लिहून मागा.

मी ऊसतोड कामगारांवर माहितीपट करतो आहे. ‘लास उर्देस’ पाहिल्यापासून झोप उडाली आहे. गरिबी दाखवावी तर अशी, असं वाटतं, आणि हे करणं बरोबर नव्हतं, असंही वाटतं. — विद्यार्थी, बीड

तुम्हाला जे दोन्ही वाटतं, तेच त्या चित्रपटाचं खरं वाचन आहे. आधी तो कसा झाला ते पाहा.

लास उर्देस हा पश्चिम स्पेनमधल्या एस्त्रेमादुरा भागातला डोंगराळ, तेव्हा अत्यंत दरिद्री असलेला प्रदेश. मॉरिस लजांद्र या फ्रेंच अभ्यासकाचा त्यावरचा ग्रंथ 1927 मध्ये आला होता. त्या आधारावर बुन्युएलनं चित्रपट ठरवला. पैसे मित्रानं दिले : रामोन आसिन हा वेस्का गावचा शिक्षक, अराज्यवादी, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणारा. लॉटरी लागली तर तुझा चित्रपट करू, असं तो म्हणाला होता. लॉटरी लागली आणि त्यानं शब्द पाळला. त्यातले 20,000 पेसेता चित्रपटाला लागले. 1933 च्या वसंतात, महिनाभराच्या आत चित्रीकरण उरकलं. लहानशी टोळी पहाटेच्या अंधारात निघायची, काही अंतर गाडीनं, पुढे सामान उचलून पायी. कॅमेऱ्यावर एली लोतार होता. संकलनाचं यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून बुन्युएलनं माद्रिदमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भिंग लावून फिल्म जोडली. आवाज नंतर, 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर पॅरिसमध्ये चढवला गेला. तोवर स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या सरकारनंच चित्रपटावर बंदी घातली होती. आसिनला ऑगस्ट 1936 मध्ये, प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी गोळ्या घातल्या.

आता तुमच्या अस्वस्थतेचं कारण. चित्रपटात निवेदक सांगतो की इथे बकरीचं मांस फक्त बकरी कड्यावरून पडून मेली तरच मिळतं, आणि एक बकरी कोसळते. चौकटीच्या उजव्या कडेला नीट पाहा : धुराचा छोटा लोट दिसतो. ती बंदुकीची गोळी आहे. बकरी पडण्याची वाट पाहणं शक्य नव्हतं, म्हणून मारली. लगेचच तीच पडणारी बकरी वरून दिसते, म्हणजे कॅमेरा दुसऱ्या जागी लावून पुन्हा चित्रण केलेलं आहे. मधमाश्यांनी डसून मारलेल्या गाढवाचा प्रसंगही तसाच घडवून आणलेला. शिवाय हे सगळं निवेदक सरकारी अहवाल वाचावा तशा कोरड्या आवाजात सांगतो आणि मागे ब्राम्सची चौथी सिंफनी वाजते. ही विसंगती मुद्दाम ठेवलेली आहे. करुणेनं भरलेल्या आवाजात दारिद्र्य सांगणाऱ्या माहितीपटांची सवय मोडायची होती.

आमचं मत स्पष्ट आहे. आवाजाचा कोरडेपणा जरूर शिका, बकरी मारणं शिकू नका. त्या भागातल्या लोकांना हा चित्रपट पुढे वर्षानुवर्षं सलत राहिला, आणि ते त्यांचं चुकलं नाही.

त्यातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग मात्र बकरीचा नाही, शाळेचा आहे. अनवाणी, उपाशी मुलं वर्गात बसली आहेत. त्यांना भूमिती शिकवली जाते आहे. मग एक मुलगा फळ्यावर सुभाषित लिहितो : दुसऱ्याच्या मालमत्तेचा आदर करा. इथे गरिबी नुसती दिसत नाही, ती कोण टिकवून ठेवतं तेही दिसतं. तुमच्या विषयात ही जागा शोधा. थंडीत कुडकुडणारी कोपी, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, पाचटात झोपलेलं मूल, हे सगळ्यांनी दाखवून झालं आहे. मुकादमाच्या वहीत उचल कशी मांडली जाते, एका कोयत्याच्या नावावर नवरा-बायको दोघांचं काम कसं धरतात, खाडा झाला तर किती कापतात, कारखान्याच्या वजनकाट्यावर काय होतं, हंगाम संपताना फिटलेली उचल आणि उरलेली उचल यांचा हिशेब कोण वाचून दाखवतं, हे चित्रित करा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कॅमेरे बहुतेक रेल्वेवरच होते. मांजरा धरणाचं पाणी कुठे आणि कसं संपलं, हा त्याच बातमीचा शाळेतला फळा होता.

कामाच्या पातळीवर : कुठलाही प्रसंग ‘पुन्हा करून दाखवा’ म्हणू नका, आणि नाइलाजानं केलात तर चित्रपटात तसं सांगा. चित्रणाच्या दिवसाची बुडालेली मजुरी द्या, पण मुकादमाच्या हातात नाही, थेट जोडप्याला. मुलांचे चेहरे घेताना आई-वडील दोघांना विचारा. उचल घेतलेला माणूस मुकादमासमोर ‘हो’च म्हणतो, म्हणून मुलाखत टोळीपासून दूर घ्या, शक्यतो दिवाळीआधी गावात किंवा हंगामानंतर ते परतल्यावर. आणि पहिली जोडणी झाली की त्याच तांड्यावर, त्याच वाडीत दाखवा. तिथे लोक कुठे मान खाली घालतात ते बघा आणि तो भाग पुन्हा तपासा.

तो स्पेनचा, मग निम्म्याहून अधिक चित्रपट मेक्सिकोचे कसे? — शिक्षिका, परभणी

यादवी युद्धामुळे. थोडक्यात क्रम असा : 22 फेब्रुवारी 1900 रोजी आरागोन प्रांतातल्या कालांदा गावी जन्म, वडील क्युबात व्यापार करून श्रीमंत झालेले. सारागोसात जेझुइटांच्या शाळेत शिक्षण. 1917 पासून माद्रिदच्या विद्यार्थी निवासात, तिथे कवी लोर्का आणि चित्रकार दाली हे सोबती. या काळात त्यानं कीटकांचा अभ्यासही केला, आणि पुढे चित्रपटांत मुंग्या, कोळी, विंचू येत राहिले ते उगीच नाही. 1925 मध्ये पॅरिस, तिथे दिग्दर्शक जाँ एप्स्टाइनचा सहायक. 1929 आणि 1930 मधले दोन अतिवास्तववादी, म्हणजे तर्क सोडून स्वप्नासारखे चालणारे, चित्रपट, त्यांतल्या दुसऱ्याच्या, ‘लाज दोर’च्या प्रयोगावर डिसेंबर 1930 मध्ये उजव्या गटांनी हल्ला केला. पडद्यावर शाई फेकली, बाहेर मांडलेली चित्रं फाडली आणि आठवडाभरात पोलिसांनी चित्रपटच बंद केला.

युद्धात प्रजासत्ताक हरलं तेव्हा तो अमेरिकेत होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात नोकरी मिळाली. दालीनं 1942 च्या आत्मचरित्रात त्याला नास्तिक म्हटल्यावर दबाव वाढला आणि ती नोकरी 1943 मध्ये सुटली. मग हॉलीवूडमध्ये डबिंगचं काम. 1946 मध्ये तो मेक्सिकोला गेला, 1949 मध्ये तिथला नागरिक झाला, आणि 29 जुलै 1983 रोजी मेक्सिको शहरातच वारला. ‘लास उर्देस’नंतर पुढच्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसायला त्याला जवळपास चौदा वर्षं थांबावं लागलं. प्रतिभावान माणसाच्या आयुष्यातली ही वर्षं चरित्रं दोन ओळींत उरकतात, ते आम्हाला पटत नाही. डबिंगच्या खोलीत दुसऱ्यांचे चित्रपट पुनःपुन्हा पाहत बसलेल्या माणसाला कुठला शॉट फालतू आहे हे कळू लागतं.

‘लोस ओल्विदादोस’ 21 दिवसांत झाला असं लेखात होतं. हे कसं शक्य होतं? आम्ही वीस मिनिटांच्या लघुपटाला तितकेच दिवस लावतो. — लघुपट करणारा गट, नांदेड

दिवस वाचले ते चित्रीकरणाआधी. बुन्युएल कित्येक महिने जुने कपडे घालून मेक्सिको शहराच्या वस्त्यांमधून हिंडला, लोकांशी बोलला, बालसुधारगृहाची कागदपत्रं वाचली. लुईस आल्कोरिसाबरोबर पटकथा घट्ट बांधली. सेटवर ‘आता इथे काय करू या’ हा प्रश्न उरला नव्हता.

दुसरं, तो ‘कव्हरेज’ घेत नसे. तुमचा गट बहुधा हाच वेळ घालवतो : आधी संपूर्ण प्रसंग लांबून, मग प्रत्येकाचा जवळून, मग हातांचे, पेल्याचे, खिडकीचे शॉट, कापताना बघू म्हणून. एका पानाच्या प्रसंगाला कॅमेऱ्याच्या आठ मांडण्या, प्रत्येकीला प्रकाश बदलायला वीस-पंचवीस मिनिटं धरली तरी तीन तास गेले. बुन्युएल तोच प्रसंग एक किंवा दोन मांडण्यांत घेतो. नट चालत कॅमेऱ्याजवळ येतो, कॅमेरा किंचित सरकतो, लांबचा शॉट जवळचा होतो, दुसरा माणूस आत येतो, कॅमेरा त्याच्याबरोबर वळतो. कट लागतच नाही. त्यामुळे त्याचं संकलन काही दिवसांत संपायचं, आणि निर्मात्याला चित्रपट उलटसुलट जोडायला जादा तुकडेच हाती नसायचे.

करून पाहायचं तर एका प्रसंगापुरतं करा. कागदावर खोलीचा नकाशा काढा, नटांच्या चालण्याच्या रेघा मारा, कॅमेऱ्याच्या फक्त दोन जागा ठरवा. कॅमेऱ्याशिवाय तालीम घ्या. फोकस कुठे बदलायचा त्या प्रत्येक ठिकाणी जमिनीवर टेप चिकटवा, कारण एका लांब शॉटमध्ये नेमकं तेच बिघडतं : नट खुणेच्या अर्धा फूट पुढे थांबतो आणि चेहरा धूसर होतो. आवाजाकडेही लक्ष हवं, नट फिरत असेल तर बूम (माइकची लांब दांडी) धरणाऱ्यानं तालमीत बरोबर चाललं पाहिजे. एखादा संवाद विसरला तर अख्खा शॉट पुन्हा घ्यावा लागतो, हा या पद्धतीचा खरा धोका. म्हणून नवशिक्या नटांबरोबर दीड मिनिटाच्या पुढे जाऊ नका.

निर्माता ओस्कार दान्सिगेर्सनं काही गोष्टींना नकार दिला, हेही नोंदवतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत, ओळखू येईल न येईल असा, शंभर वादकांचा वाद्यवृंद मागे बसलेला दाखवायचा होता. तो राहिला. शिवाय एक सुखान्त शेवटही चित्रित करून ठेवला होता. त्यात पेद्रो वाचतो आणि पैसे घेऊन शाळेत परततो. मेक्सिकोच्या विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहात तो सापडला आणि आता पाहायला मिळतो. मूळ शेवटात पेद्रोचं प्रेत कचऱ्याच्या उतारावर ढकललं जातं. दोन्ही शेवट लागोपाठ बघा. प्रदर्शित झाला तेव्हा मेक्सिकोत चिडलेल्या लोकांमुळे चित्रपट काही दिवसांतच उतरला. 1951 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळाल्यावर पुन्हा लागला आणि चालला. 2003 मध्ये युनेस्कोनं त्याची ‘जागतिक स्मृती’ यादीत नोंद केली.

डोळा खरा होता का? — उदगीर

‘अं शिएं आंदालू’मधला डोळा मेलेल्या वासराचा. भोवतीचे केस काढून, भरपूर प्रकाश टाकून तो जवळून चित्रित केला, म्हणून कातडी माणसाची वाटते. आधीच्या शॉटमधली बाई जिवंत, पुढचा डोळा वासराचा, मध्ये चंद्रावरून जाणारा ढग. जोडणी तुमच्या डोक्यात होते. वस्तरा परजणारा माणूस स्वतः बुन्युएल आहे. चित्रपटाचे पैसे त्याच्या आईनं दिले होते.

सेन्सॉरला त्यानं कसं तोंड दिलं? — वकील, धाराशिव

‘विरिदियाना’चं उदाहरण पुरेसं आहे. ख्रिस्ती जोगीण (नन) व्हायला निघालेली मुलगी वाड्यात राहून भिकाऱ्यांची सेवा करू लागते आणि तेच भिकारी घर उद्ध्वस्त करतात. युद्ध जिंकून हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या स्पेनमध्ये, सरकारी मंजुरी घेऊन हा चित्रपट झाला. मूळ शेवटात ती वाड्याचा तरुण वारस होर्खे याच्या खोलीचं दार वाजवते, आत जाते, दार बंद होतं. सेन्सॉरनं हे नाकारलं. बुन्युएलनं बदललं : दार उघडतं, आत होर्खेबरोबर मोलकरीण रामोना आहे, आणि तिघं पत्ते खेळायला बसतात. मंजुरी मिळाली. नव्या शेवटात एका ओळीचाही आक्षेपार्ह मजकूर नाही, आणि सूचना मात्र आधीपेक्षा दुप्पट आहे.

1961 मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला एका फ्रेंच चित्रपटाबरोबर विभागून मिळालं. ते स्पेनच्या चित्रपट खात्याच्या संचालकानं मंचावर जाऊन घेतलं. मग व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानं झोड उठवली, संचालकाची नोकरी गेली आणि स्पेनमध्ये चित्रपटावर बंदी आली. ती उठायला 1977 उजाडलं. ध्वनीचं काम पॅरिसला झाल्यामुळे बाहेर प्रती होत्या, म्हणून चित्रपट वाचला.

आमच्या प्रतीत पाहुणे वाड्यात दोनदा प्रवेश करतात. प्रत सदोष आहे का? — अंबाजोगाई

नाही. ‘एल आन्खेल एक्सतेर्मिनादोर’मध्ये (1962) तो प्रवेश मुद्दाम दोनदा आहे. जोडलेली फिल्म पाहून छायाचित्रकार फिगेरोआलाही चूक झाली असं वाटलं होतं. पुढेही त्यात वाक्यं, ओळखी, अभिवादनं परत परत येतात. मोजत बसा, पाहुण्यांना खोलीबाहेर का पडता येत नाही ते त्यातूनच उलगडतं. याच जातीची दुसरी शंका अनेकांना येते : बुन्युएलच्या शेवटच्या चित्रपटात (1977) एकच नायिका दोन वेगळ्या नट्या का करतात? चित्रीकरण सुरू झाल्यावर नटी मारिया श्नायडरला बदलावं लागलं आणि बुन्युएलनं कारोल बुके व आंखेला मोलिना दोघींना घेतलं. आवाज मात्र दोघींना एकच आहे.

ढोलांचा तो आवाज कुठला? — हलगीवादक, जालना

कालांदाचा. गुड फ्रायडेला दुपारी बाराच्या ठोक्याला शेकडो ढोल एकदम सुरू होतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाहीत. वाजवणाऱ्यांच्या हातांना रक्त येतं. ‘लाज दोर’, ‘नासारिन’ आणि ‘सिमोन’मध्ये ते ऐकू येतात. ‘नासारिन’चा शेवट तुम्ही आवर्जून ऐका. संपूर्ण चित्रपटभर संगीत जवळपास नाही, आणि मग एकदम ढोल. जत्रेत हलगी सुरू झाली की पोटात जो ठोका बसतो, तोच तिथे बसतो.

सहलेखक जाँ-क्लोद कारिएर आणि तो एकत्र कसे लिहीत? — नाट्यलेखिका, छत्रपती संभाजीनगर

1964 पासून दोघांनी सहा चित्रपट लिहिले. पद्धत कडक होती. शहरापासून दूर एखाद्या हॉटेलात राहायचं, बरोबर घरचं माणूस नाही, मित्र नाहीत. सकाळी तीन तास, दुपारी तीन तास. संध्याकाळी अर्धा तास दोघं वेगवेगळे बसत आणि प्रत्येकानं एक नवी गोष्ट रचून दुसऱ्याला सांगायची, चित्रपटाशी संबंध असो वा नसो. एकानं सुचवलेलं दुसऱ्याला नको असेल तर त्यानं लगेच ‘नाही’ म्हणायचं, आणि त्यावर वाद घालायचा नाही. विचार करायला वेळ दिला की माणूस कारणं शोधू लागतो, म्हणून उत्तर तत्काळ. दोघी-तिघी मिळून लिहीत असाल तर संध्याकाळचा तो अर्धा तास महिनाभर पाळून बघा. इंग्लिश दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या ‘महाभारत’ नाटकाची संहिता (1985) लिहिणारा कारिएर हाच.

आम्ही ‘नासारिन’ची मराठी उपशीर्षकं करतो आहोत. पडद्यावर जोडाक्षरं तुटतात. — ग्रंथालय कार्यकर्ते, हिंगोली

फाइल यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या साठवणारी अक्षरपद्धत) मध्ये साठवा आणि प्लेअरच्या उपशीर्षक सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्ट स्वतः निवडा. तरी तुटत असतील तर तो प्लेअर जोडाक्षरं मांडू शकत नाही. दुसरा वापरा, किंवा उपशीर्षकं चित्रावर कायमची छापून घ्या. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण पस्तीस अक्षरं. एका सेकंदापेक्षा कमी आणि सहा सेकंदांपेक्षा जास्त काही ठेवू नका. शॉट बदलताना उपशीर्षक लोंबकळत राहिलं तर प्रेक्षक तेच पुन्हा वाचतो, म्हणून ते कटच्या आधी संपवा. इंग्रजी उपशीर्षकांवरून करत असाल तर ती आधीच छाटलेली असतात हे लक्षात ठेवा. स्पॅनिश जाणणाऱ्याकडून निदान पाद्री आणि त्याच्याकडे आश्रयाला आलेली वेश्या अंदारा यांचे प्रसंग तपासून घ्या. अंदाराची भाषा रांगडी आहे, तिला पुस्तकी मराठी देऊ नका. पाद्री मात्र सगळ्यांशी, चोराशीसुद्धा, सारख्याच आदरानं बोलतो. त्याचं ‘तुम्ही’ शेवटपर्यंत बदलू नका.